दक्षिण काठावर राहिलेली बाटली

नर्मदामैयावर माझी श्रद्धा लहानपणापासूनची आहे. पण त्या माघात, आईचा पाय सडत असताना, मी मैयाशी भांडले. जिच्या नावानं म्हातारी बाई घर सोडून जंगलातून चालते, तिला एक काटा बाजूला करता येऊ नये? असला हिशेब देवाला विचारू नये म्हणतात. मी विचारला. उत्तर मिळालं का, हे मला आजही नीट सांगता येत नाही. जे घडलं तेवढं सांगते.

आमचं घर नर्मदेकाठच्या शहरात, गढा वस्तीत. आजोबा वर्ध्याकडून आले, वडील इथल्या संरक्षण कारखान्यात कामगार होते आणि युनियनची पत्रकं लिहीत. आमच्याकडे देवघर लहान आणि पत्रकांचा गठ्ठा मोठा. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरच, त्यामुळे माझं लिहिणं आजही थोडं ओरडल्यासारखं होतं. आई मात्र देवघराच्या बाजूची. वडील गेल्यावर मी दोन्हींचा वारसा चालवला. मैया माझी आई आणि तिच्यात पडणारे शहराचे नाले हे पाप, अशी पत्रकं छापून मी ग्वारीघाटावर वाटू लागले. कुणी साबण लावताना दिसला की सोडत नसे. एक रिक्षावाला भैया तर रोज तिथेच रिक्षा धुवायचा. मी एकदा त्याला म्हटलं, "अपनी माँ को भी ऐसे ही साबुन लगाते हो क्या?" तो बादली न ठेवता म्हणाला, "माँ ने ही तो सिखाया है, साफ रहना." आजूबाजूचे हसले. तेव्हापासून घाटावर माझं नाव 'पर्चेवाली दीदी' पडलं.

कार्तिकातल्या देवउठनी एकादशीनंतर आई परिक्रमेला निघाली. मैया सतत उजव्या हाताला ठेवून चालायचं, आणि समुद्र गाठेपर्यंत तिला कुठेही ओलांडायचं नाही, हा परिक्रमेचा मुख्य नियम. ग्वारीघाटावरून निघालेला माणूस उत्तर काठानं अमरकंटकला जातो, उगमाला वळसा घालतो आणि दक्षिण काठानं परत खाली येतो. म्हणजे दीडेक महिन्यानं तो आपल्याच घरासमोर पोचतो. मधे फक्त नदी असते. घाट दिसतो, घाटावरची माणसं दिसतात, पण घरी जाता येत नाही. आईच्या झोळीत मैयाच्या पाण्याची एक लहान बाटली होती. परिक्रमावासी अशी बाटली सोबत बाळगतात, रोज तिची पूजा करतात.

मंडल्याच्या आसपास तिच्या पायात बाभळीचा काटा मोडला. शुगर असलेल्या बाईच्या पायात काटा मोडला की काय होतं ते आम्हाला ठाऊक होतं, पण फोनवर ती एवढंच म्हणायची, "काही नाही वो, थोडं सुजून राहिलं." आणि ती औषध घेत होती, हेही खरंच. परिक्रमेच्या वाटेवर गावोगाव लोक परिक्रमावासींची सेवा करतात. कुणी शिधा देतं, कुणी पाय चेपतं, कुणी मलमपट्टी करतं. लंगडणारी माई दिसली की कुणी घरातली उरलेली गोळ्यांची पट्टी आणून देई, कुणी औषधाच्या दुकानातून जे मिळेल ते. एका गावी दोन गोळ्या, पुढच्या गावी दुसऱ्याच नावाच्या तीन. परिक्रमेत मागायचं नसतं आणि मिळालेलं नाकारायचं नसतं. आईनं प्रत्येक गोळी कपाळाला लावून प्रसादासारखी घेतली. कशाचाच डोस पुरा झाला नाही.

ती समोरच्या काठावर पोचल्याचं कळलं तेव्हा मी होडीनं पलीकडे गेले. लहानशा धर्मशाळेच्या ओसरीत ती पडून होती. तापानं अंग भाजत होतं आणि पट्टीतून वास येत होता.

"चल, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जायचं," मी म्हटलं.

"मैया कशी ओलांडू? नरसिंगपूरले ने न मले. ते याच काठावर आहे."

"आई, मोठा दवाखाना तिकडे आहे, डोळ्यांसमोर! आणि तू नरसिंगपूर म्हणून राहिली?"

"तू काहून एवढी तापून राहिली? ताप मले आहे का तुले?"

धर्मशाळा सांभाळणारी बाई हसली. मला हसू आलं नाही. मी ओरडले, वडील कारखान्याच्या फाटकावर बोलत तशी मुद्देसूद बोलले. आई ऐकत राहिली. मग तिनं झोळीतली बाटली काढली आणि धर्मशाळेच्या बाईच्या हाती दिली. "हिले तरी ओलांडायले नको लावू. कोणी पुढं जाणारी माई भेटली तर तिच्यासंग पाठवून दे. नर्मदे हर." अँब्युलन्स नदीवरच्या तिलवाऱ्याच्या पुलावर आली तशी तिनं पदर तोंडावर ओढला. पूल संपला तरी तो खाली केला नाही.

त्या पदराआड काय चाललं होतं, ते मी आजवर विचारलेलं नाही.

दवाखान्यात एकामागून एक प्रतिजैविकं झाली. महागडी, मग त्याहून महागडी, मग किडनीला धोका आहे असं सांगून सही घेऊन दिलेली. जखम भरली नाही. जखमेतल्या जिवाणूंच्या तपासणीचा अहवाल आला तेव्हा डॉक्टर मॅडमनी मला बाजूला नेलं. त्याही मूळच्या आपल्याकडच्या, नागपूरच्या. म्हणाल्या, "हा जंतू जवळपास कशालाच दाद देत नाही. आईंनी आधी काय काय घेतलं होतं?" मी आईची झोळी त्यांच्या टेबलावर रिकामी केली. रुद्राक्ष, उदबत्ती आणि अर्धवट फाडलेल्या कितीतरी पट्ट्या, सगळ्या वेगवेगळ्या. त्यांनी एकेक पट्टी उलटून नाव वाचलं. मग म्हणाल्या, "नक्की यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. पण अर्धवट मार खाल्लेला जंतू शहाणा होतो."

त्या दिवशी मी एक पत्रक लिहायला बसले. पत्रकाला शत्रू लागतो. गोळी देणारा दुकानदार? घरातली पट्टी आणून देणारी ती अनोळखी बाई? मला एकेकाचा चेहरा दिसू लागला, आणि प्रत्येक जण वाकून आईच्या पाया पडत होता. आईचा पाय प्रेमानं सडवला होता. हे कुणाविरुद्ध लिहायचं? कागद कोराच राहिला.

एक वाट उरली होती. डॉक्टर मॅडमनी ती सांगितली तीही आशा न दाखवता. जिवाणूंनाही मारणारे विषाणू असतात. ते माणसाला धरत नाहीत, फक्त जिवाणूला धरतात, आणि तोही प्रत्येकाचा ठरलेला. आईच्या जखमेतल्या जंतूला मारणारा विषाणू सापडला, तो शुद्ध करता आला, समितीची परवानगी मिळाली, तर उपयोग होईल, कदाचित. बाहेरगावच्या एका प्रयोगशाळेत त्यांच्या ओळखीचे लोक हे काम करत. "शोधायचा कुठे?" मी विचारलं. "पाण्यात. नदीच्या, गटाराच्या."

मी त्यातलं फक्त 'नदीच्या' एवढंच ऐकलं. होडी घेतली, मध्य धारेतून स्वच्छ पाणी भरलं, हात जोडले. मैयाचं पाणी आईला वाचवणार, ही कथा माझ्या मनात तयारच होती. प्रयोगशाळेतून कळलं, यात काही नाही. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "अगं, जिथे जंतू जास्त तिथेच त्यांना खाणारे जास्त. घाणीचं पाणी आण. नाला पडतो तिथलं."

ज्या नाल्याविरुद्ध मी वर्षानुवर्षं ओरडले, त्याच्याच तोंडाशी मी हातमोजे घालून, तीन बाटल्या घेऊन उभी राहिले. मागून त्या रिक्षावाल्याचा आवाज आला.

"अरे पर्चेवाली दीदी! आज पर्चा नहीं, बोतल?"

"भैया, आज लड़ने का मन नहीं है."

"मन नहीं है? फिर तो मामला सीरियस है."

मी त्याला सांगितलं. का सांगितलं कुणास ठाऊक. त्या दिवशी विचारणारा तोच एकटा होता. त्यानं बादली खाली ठेवली. मी दोन बाटल्या नीट जागा बघून भरल्या. तिसरीसाठी पुढे सरकले आणि गाळात पाय गेला. गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. त्यानं माझ्या ओढणीचं टोक पकडलं, मग मनगट.

"छोड़ो बोतल!"

"नहीं छोड़ूँगी!"

"पर्चे में तो लिखती हो, नाले से दूर रहो!"

मला त्या चिखलात हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. निवडायला आता काही उरलं नव्हतं. जिथे पडले होते तिथेच बाटली बुडवली. त्यानं मला ओढून काढलं, अंगावर बादली ओतली, आणि त्याच ओल्या कपड्यांनी त्याच्या नुकत्याच धुतलेल्या रिक्षात बसवून दवाखान्यात सोडलं. वाटेत तो फक्त एकदा बोलला, "माँ ठीक हो जाएँगी, दीदी." मी नाव विचारलं नाही. नंतर कितीदा घाटावर गेले, तो दिसला नाही. कुणी म्हणतं, रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला लागला. कुणी म्हणतं, गावी गेला.

विषाणू सापडला तो तिसऱ्या बाटलीत. डॉक्टर मॅडमनी फोनवर फोटो दाखवला. काचेच्या बशीत आईच्या जंतूंचा धूसर थर आणि त्यात स्वच्छ, गोल ठिपके. प्रत्येक ठिपक्यापाशी विषाणूनं जंतूंचा फडशा पाडला होता. मला ग्वारीघाटावर सोडलेले दिवे दिसले. विज्ञानाच्या फोटोत देव बघणाऱ्यांची मीच थट्टा करत आले होते.

हे इथेच गोड संपलं असतं तर बरं झालं असतं. पण सापडलेला विषाणू वाढवायचा, गाळायचा, तपासायचा, त्याच्यावर परवानगीच्या सह्या घ्यायच्या, याला वेळ लागतो आणि लागायलाच हवा. तेवढा वेळ आईच्या पायाकडे नव्हता. विष वर चढू लागलं आणि पावलाचा पुढचा अर्धा भाग कापावा लागला. तरीही विष उतरलं नाही; आता सगळा पाय की जीव, अशी वेळ आली, तेव्हा त्या विषाणूच्या औषधाची कुपी आली. प्रतिजैविकांच्या सोबतीनं ते औषध जखमेवर आणि शिरेतून दिलं गेलं. काही दिवसांनी ताप उतरला. जखम लाल, मग गुलाबी झाली. डॉक्टर मॅडम आजही म्हणतात, एका रुग्णावरून काही सिद्ध होत नाही. मीही काही सिद्ध करत नाही.

पहिला डोस द्यायच्या आधी आईनं कुपी हातात मागितली. "कुठलं आहे हे?"

मी खोटं बोलू शकले नाही. "नाल्यातलं आहे, आई. म्हणजे... तिथे सापडलं. आता त्यात नाला काही नाही."

तिनं कुपी कपाळाला लावली. प्रत्येक गोळी लावली होती तशीच. मला ते बघवेना. मग म्हणाली, "मी तिले ओलांडलं. म्हटलं, आता ती तोंड नाही पाहणार माझं. अन् पाय तिच्यापाशी जाऊ शकत नाही, तर पाहा, तीच येऊन राहिली." आणि नर्सला म्हणाली, "चलो बेटा, लगाओ."

कुणी हे वाचून नदीचं नाहीतर नाल्याचं पाणी जखमेवर घालू नये; माझी हात जोडून विनंती आहे. ते पाणी जीव घेईल. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कुणाला प्रेमानंही गोळी देऊ नये. नाले मैयात पडता कामा नयेत, हे माझं मत तसूभरही बदललेलं नाही; पत्रकं अजून छापते. फक्त आता लिहिताना हात आधीसारखा चालत नाही. जिला मी घाण म्हणून नावं ठेवली तिच्यातूनच मदत आली, आणि जिला सेवा म्हणत आले तिच्यातून आजार. माझ्या पत्रकांत या दोन वाक्यांना जागा नव्हती.

आई वाचली याबद्दल मी मैयाची ऋणी आहे, रोज आहे. पण घाटाच्या पायऱ्या तिला उतरता येत नाहीत. परिक्रमा खंडित झाली, ती खंडितच राहणार. नरसिंगपूरला नेलं असतं तर? तिथे ती वाचली असती का, की नियम राखून गेली असती? हा प्रश्न मी मैयाच्या पायाशी रोज ठेवते आणि रोज तो उचलून घरी आणते. कधीतरी तिथेच राहील. शरणागती म्हणजे कदाचित एवढंच असावं, प्रश्न ठेवून परत येता येणं. मला अजून येत नाही.

धर्मशाळेत मी पुन्हा गेले होते, बाटलीसाठी. बाई म्हणाली, ती तर कधीच गेली. दोन परिक्रमावासी माई आल्या होत्या, कुठल्या गावच्या ते विचारलं नाही, त्यांनी झोळीत घेतली. आईला सांगितलं तेव्हा मला वाटलं तिला वाईट वाटेल. ती खाटेवर पाय लांब करून भाजी निवडत होती. जरा थांबली.

"कुठवर पोचली असेल वो?"

"होशंगाबादच्या पुढे, बहुतेक."

"चालून राहिली न?" ती म्हणाली आणि पुन्हा मेथीची पानं खुडू लागली.