आक्काची शिकेकाई

डोळ्यांत शिकेकाई गेली की सगळ्या आया "गप, काही होत नाही" म्हणतात. आमची आक्का उलटी. तिच्या मोरीत न्हाणाऱ्या मुलीनं गप्प बसलेलं तिला खपत नसे. "झोंबलं तर वरडायचं. मी पाटीमागं हाय, मला दिसत न्हाई," असं ती पहिला तांब्या ओतायच्या आधीच बजावायची. मग दर रविवारी आम्ही चार मुली आळीपाळीनं असं काही किंचाळायचो की गल्लीतली कुत्री भुंकायला लागत.

आक्का म्हणजे लातूरची आमची घरमालकीण. भूकंपात औशाकडचं तिचं घर गेलं, नवरा आणि मुलगी गेली, आणि ती भावाच्या या दोन खोल्यांत येऊन राहिली. पुढं शहरात शिकवण्यांचं पीक आलं, तशी तिनंही एक खोली मुलींना दिली. मी हदगावहून बारावीसाठी आले होते. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. मी एस.टी.त बसायच्या आधीच त्यांनी मला गावभर डॉक्टरीण करून टाकलं होतं.

पहाटे शिकवणी, दिवसा कॉलेज, संध्याकाळी पुन्हा शिकवणी. खोलीची खिडकी उघडली की हातभर अंतरावर शेजारच्या वसतिगृहाची भिंत. दोन महिन्यांत मला कळून चुकलं की हे मला जमत नाही आणि नकोही आहे. मला घरी जायचं होतं. पण बाबांना हे सांगायचं कोणत्या तोंडानं? रविवारी बूथवरून फोन करायचा, "छान चाललंय" म्हणायचं आणि परत येऊन पुस्तक उघडायचं.

त्यात लातूरचं बोअरचं पाणी. साबणाला फेस नाही आणि केसांचा झाडू. शांपूच्या पुड्या आक्काला घरात चालत नसत. "त्या पुडीत काय हाय ते पुडीलाच ठाव," म्हणायची. शनिवारी लोखंडी कढईत शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी भिजायची. अंगणातल्या जास्वंदीची पानं ती पाण्यात चोळून बुळबुळीत करायची, भाताच्या तांदळाचं धुवण शेवटच्या पाण्यासाठी राखून ठेवायची. शेताच्या बांधावरून आणलेल्या माक्याचा रस खोबरेलात उकळताना ती चुलीशेजारून हलत नसे. तडतड पूर्ण थांबली की कढई खाली. विकत काय ते खोबरेल, बाकी सगळा तिच्या हातांचा खटाटोप.

बाकीच्या तिघींचे केस सुधारले. माझे मात्र विरळच होत चालले. आक्का इरेला पेटली. मेथ्या वाटून लावल्या, दही लावलं, तेलात कढीपत्ता घातला. माझ्या डोक्यावर इतके पदार्थ चढले की फोडणी तेवढी बाकी होती. गुण येईना.

एका रविवारी मला न्हाऊ घालताना तिचा अंगठा माझ्या डाव्या कानामागं थांबला. तिथं रुपयाएवढं टक्कल पडलं होतं. बाकीच्या मुलींना तिनं कपडे वाळत घालायला गच्चीवर पाठवलं.

"पाण्यानं केस समद्या डोस्क्याचे जातेत, माय. हितं खुंट हायत, एक ल्हान, एक मोठा. हे गळाले न्हाईत. तू उपटायलीस."

पुस्तक उजव्या हातात असलं की डावा हात तिथं जायचा, हे मला माहीत होतं. आक्कानं माझं तोंड आपल्याकडं वळवलं. शिकेकाई डोळ्यांत जाऊन ते लालभडक झाले होते.

"झोंबत न्हाई व्हय?"

"झोंबतंय."

"मंग वरडली का न्हाईस?"

तिनं फेसाळलेले हात तसेच मांडीवर ठेवले आणि ती मोरीच्या कठड्यावर बसली. "भूकंपात भितीखाली व्हते, तवा वरून माणसं चालायची. मी वरडले म्हून मला काढलं. गाडीत घातलं, मला सुद न्हवती. माझी कमल मधल्या खोलीत. लई गुणाची पोर. मीच शिकवलं व्हतं, पोरीच्या जातीनं आवाज चढवू न्हाई. तिथून आवाज आला न्हाई म्हून माणसं फुडं गेली. दुसऱ्या दिवशी काढलं तवा अंग ऊन व्हतं, म्हणं."

मग उठून तिनं माझ्या डोक्यावर भडाभडा पाणी ओतलं. "ह्याला माझ्यापाशी तेल न्हाई. चल बूथवर."

ओले केस पंच्यात गुंडाळून मी काचेच्या त्या खोक्यात उभी राहिले. बाबांचा आवाज ऐकताच तोंडातून सवयीनं निघालं, "छान चाललंय." बाहेरून आक्कानं काचेवर टकटक केलं. मी ओरडले, "बाबा, मला घरी न्या!" रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली. मग बाबा म्हणाले, "उद्याच्या गाडीनं येतो."

ते आले, पण नांदेडपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पुढं कितीतरी महिने गावातली माणसं मला मुद्दाम डॉक्टरीणबाई म्हणत. तेही सोसलं. निघताना आक्कानं माक्याच्या तेलाची बाटली पिशवीत घातली होती. "येतील केस. उशिरा येतील," म्हणाली. आले.

आता मी कंधारला शाळेत शिकवते. आक्का गेल्याचं मला फार उशिरा कळलं. परत एकदाही भेटायला गेले नाही, याची लाज वाटते.

रविवारी माझ्या लेकीला मी शिकेकाईनं न्हाऊ घालते. डोळ्यांत गेली की ती गल्ली डोक्यावर घेते. शेजारच्या काकू खिडकीतून म्हणतात, "अवो बाई, पोरीला जरा हळू म्हणा की." मी हातातला तांब्या खाली ठेवते आणि आधी तिचे डोळे धुते. हळू मात्र म्हणत नाही.