मर्टिसचे सहा

चॅटाहूची नदीच्या अलीकडे अलाबामा, पलीकडे जॉर्जिया, आणि पलीकडचं घड्याळ अलीकडच्यापेक्षा एक तास पुढे. नदीवर धरण झालं, युफॉला तलाव डोळा पोचणार नाही इतका पसरला, गावं-शेतं पोटात घेऊन बसला, पण वेळेची रेघ काही बुडाली नाही. म्हणून तिथे कुणी "सहाला ये" म्हटलं की शेंबडं पोरसुद्धा विचारतं, "पुढचे सहा की मागचे?"

मर्टिस ग्रिम्स्लीचा जन्म या दोन वेळांत गेला. घर आणि चर्च अलीकडे, सूतगिरणी पलीकडे. तिच्या स्वयंपाकघरात दोन घड्याळं होती, शेगडीवर पुढचं आणि मोरीवर मागचं. एकीकडे बघून ती गिरणीत जायची, दुसरीकडे बघून प्रार्थनेला. कामाला ती कधी उशिरा गेली नाही, चर्चमध्ये कधी लवकर जाऊन ताटकळली नाही. पलीकडे कुणाची मयत असली की पाद्रीबुवा खुद्द तिला विचारायचे, "मिस मर्टिस, आपण इथून निघायचं कधी?"

गिरणीतून निवृत्त झाली त्या दिवशी घरी येऊन तिने पायातले जोडेसुद्धा काढले नाहीत. आधी स्टुलावर चढली आणि शेगडीवरचं घड्याळ उतरवलं. त्या खिळ्याला येशूच्या चित्राचं कॅलेंडर टांगलं. "झालं बाई," ती शेजारणीला म्हणाली, "आता मी एकाच वेळेची." आयुष्यात स्वतःसाठी केलेली चैन म्हणाल तर एवढीच.

तिला दोन भाऊ. थोरला डेल्मस पलीकडे जॉर्जियात राहायचा, धाकटा रेफर्ड अलीकडेच, क्लेटनच्या रस्त्याला. दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते, आणि त्याला कारण काय, तर एक मासा.

आई होती तेव्हाची गोष्ट. वसंतात बास माशाच्या माद्या अंडी घालायला काठाशी येतात, तेव्हा दोघं एका होडीतून गेले होते. बुडालेल्या झाडांच्या खुंटांत रेफर्डच्या गळाला मादी लागली. असा मासा माणसाला जन्मात एकदा लागतो. होडीशी आणली, आणि डेल्मसने हातजाळी घातली ती शेपटीकडून. मासा पुढे उसळला, दोरा तुटला.

"मुद्दाम केलंस," रेफर्ड म्हणाला.

"तुला गाठ मारता येत नाही, त्याचा राग माझ्या जाळीवर काढू नको," डेल्मस म्हणाला.

बस्स. काठाला येईपर्यंत दोघं बोलले नाहीत आणि काठाला आल्यावरही नाही. आई गेली तेव्हा एक शवपेटीच्या डोक्याशी उभा, एक पायाशी. जाण्याआधी आई मर्टिसला म्हणाली होती, "माझी दोन्ही पोरं एका बाकावर बसलेली मला बघायची होती गं." मर्टिसने ते मनात ठेवलं आणि रोजच्या प्रार्थनेत एकच मागणं मागितलं, या दोघांना एक कर.

देव आपल्या वेळेने करतो, पण माणसाने हातपाय हलवायला हवेत. त्या हिवाळ्यात तिने फोन उचलला.

"डेल्मस, रेफर्ड तुझी चौकशी करत होता."

"काय, मेला का म्हणून?"

"तळ्यावर जाऊ या का म्हणून."

"त्याने विचारलं? त्याला जीभ आहे ना? मग मला विचारायला काय झालं?"

"तू कधी विचारलंस त्याला?"

डेल्मस खाकरला. "बघू," म्हणाला. डेल्मसचं "बघू" म्हणजे अर्धं "हो", हे मर्टिसला ठाऊक होतं.

रेफर्ड तिला लहानपणापासून सिस्टरच म्हणायचा. "सिस्टर, खरं सांग. तो आपणहून म्हणाला?"

"आपणहून."

"काय म्हणाला? शब्द सांग."

"अरे, तो कुठे शब्दांनी बोलतो! घुम्यासारखा हुंकार दिला. पण त्या हुंकारात तू होतास."

रेफर्ड हसला. खोटं बोलले, म्हणून ती गुडघे टेकून माफी मागायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करायची.

मग सगळा बेत तिच्या फोनवरूनच शिजला. होडी डेल्मसची, कारण रेफर्डच्या होडीचं इंजिन खोकत होतं. त्यावर रेफर्डचं बिनसलं. "होडी त्याची म्हणजे पुढची बैठक त्याची. मी काय मागे बसून त्याच्या उष्ट्या पाण्यात गळ टाकू?" मर्टिसने तोड काढली, दुपारपर्यंत थोरला पुढे, नंतर धाकटा. डेल्मस म्हणाला, "आणि केळी देऊ नको हां शिदोरीत. होडीत केळं आलं की मासा जातो." "ठाऊक आहे," ती म्हणाली, "मी कुणाची लेक आहे?" जागा ठरली काउइकीच्या ओढ्याचं तोंड, वडिलांची आवडती. वसंतात डॉगवुडची झाडं फुलून पांढरी झाली की जायचं.

वडील तिघांनाही न्यायचे, तळं नव्हतं तेव्हा, नदीवर, लाकडी होडीतून. गांडुळांचा डबा मर्टिसच्या मांडीवर असायचा. डेल्मसच्या होडीत मध्ये एक छोटी बैठक आहे, हे तिला माहीत होतं. या खेपेला नाही, पण एकदा दोघांचं जमलं की पुढच्या वर्षी कुणीतरी म्हणेल, चल तूही. हे ती कुणाला बोलली नाही. देवालाही नाही. त्याला किती म्हणून त्रास द्यायचा.

आदल्या आठवड्यात रेफर्ड घरी आला तो नवीकोरी हातजाळी घेऊन. मोठी, हिरव्या दांड्याची. "ही त्याच्या हातात देणार," तो म्हणाला. "म्हणणार, घे बाबा, या वेळी डोक्याकडून घाल. तो हसला तर ठीक."

"हसेल रे," मर्टिस म्हणाली. तिचे डोळे भरून आले, म्हणून ती उगाच पावाचं पीठ मळायला लागली.

शुक्रवारी तिने दोघांना फोन केला. "उद्या सहाला, काउइकीच्या धक्क्यावर."

"बरं," डेल्मस म्हणाला.

"बरं," रेफर्ड म्हणाला.

पुढचे की मागचे, कुणी विचारलं नाही. डेल्मसला वाटलं, बहीण मला फोन करतेय म्हणजे माझीच वेळ सांगणार. रेफर्डला वाटलं, बहीण अलीकडची, धक्का अलीकडचा, विचारायचं काय त्यात? आणि मर्टिसने मोरीवरच्या घड्याळाकडे बघितलं होतं. दुसरं घड्याळ भिंतीवर होतं कुठे?

शनिवारी दुपारी डेल्मसचा फोन आला.

"झालं तुझं समाधान? अंधारात बसून राहिलो गुरासारखा. फटफटायला लागलं तरी याचा पत्ता नाही. शेवटी टाकली होडी पाण्यात आणि गेलो एकटा."

"आला नाही रेफर्ड?"

"आला ना! मी पाण्यात असताना चोरासारखा आला. परत येऊन बघतो तर माझ्या गाडीच्या आरशाला जाळी टांगलेली! हिरवी, नवी. मला हिणवायला पैसे खर्च केले नालायकाने. मेलेलं मांजर टांगल्यासारखी टांगली होती."

तिने काही बोलायच्या आत फोन आपटला. लगेच रेफर्डचा वाजला.

"मी वेळेवर गेलो, सिस्टर, थोडा आधीच. त्याची गाडी उभी, होडी गायब! मला सोडून गेला. बोलवायचं आणि तोंडावर दार लावायचं, हेच करायचं होतं त्याला. मग म्हटलं, बाबा रे, तुझी जाळी तुलाच लखलाभ."

मर्टिस शेगडीपुढे उभी होती. नजर सवयीने वर गेली, तर तिथे येशू, हात पसरून. घड्याळाच्या जागी. आणि मग तिला उमगलं.

गप्प बसली असती तरी चाललं असतं. दोघं एकमेकांना शिव्या देत होते, त्यात तिचं नाव कुठेच नव्हतं. पण आधीच एक लबाडी करून झाली होती, तिच्यावर दुसरी रचायची तिची छाती झाली नाही. तिने पलीकडे फोन लावला.

"डेल्मस, तू पुढच्या सहाला गेलास. तो मागच्या सहाला. मी सांगितलंच नाही, कुणाचे सहा ते."

मग तो म्हणाला, "म्हणजे त्याने मला मुद्दाम नाही ताटकळवलं?"

"नाही रे."

"आणि ती जाळी?"

"तुला द्यायला घेतली होती. गंमत करून, हातात."

"म्हणजे हे सगळं तुझं काम!" डेल्मस म्हणाला, आणि त्या रागात तिला चक्क सुटकेचा श्वास ऐकू आला. "दोन घड्याळांत म्हातारी झालीस आणि एवढं कळलं नाही?"

रेफर्डही तेच म्हणाला, फक्त सिस्टर म्हणाला नाही.

त्यानंतर फोन वाजेनासा झाला. तिला लोकांकडून कळलं ते असं. डेल्मसने रेफर्डला फोन केला, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, बहिणीने कसा घोळ घातला ते सांगायला. बोलता बोलता हेही निघालं, की दोघांपैकी कुणीच कुणाला विचारलं नव्हतं. "खोटारडी!" दोघं एका सुरात म्हणाले असणार. त्या माशानंतर त्यांचं एकमत झालेलं हे पहिलंच.

पुढच्या शनिवारी दोघं तळ्यावर गेले. त्याच्या पुढच्याही. गळ-आमिषाच्या दुकानात हा किस्सा डेल्मस सांगे, रेफर्ड रंगवी. मग तो दुकानाबाहेरही गेला. कुणी वेळ ठरवली की दुसरा विचारायचा, "पुढचे, मागचे, का मर्टिसचे?" आणि लोक मांडीवर थाप मारून हसायचे. चर्चमध्ये बायबलच्या शिकवणीची वेळ सांगताना पाद्रीबुवांच्याही तोंडून ते गेलं. सगळे हसले, तीही हसली. पुढच्या मयतीला पाद्रीबुवांनी तिला काही विचारलं नाही.

मातृदिनाला चर्चमध्ये दोघं भाऊ एका बाकावर बसले. मर्टिस मागच्या ओळीत होती. जागा होती त्यांच्या बाकावर, पण दोघांच्या मध्ये टोप्या ठेवल्या होत्या.

वर्ष फिरलं. डॉगवुड पांढरं झालं आणि रेफर्डचा फोन आला. "सिस्टर, तुझे ते सॉसेज घातलेले पाव हवेत. डेल्मस म्हणतो, तसे कुणाला जमत नाहीत."

तिचा जीव सुपाएवढा झाला. "करते की! किती वाजता तयार ठेवू?"

"वेळेचं तू नको बघू," तो हसला. "आदल्या संध्याकाळीच बांधून ठेव. डेल्मस म्हणाला, तिला घड्याळ दाखवूच नको."

"बरं," ती म्हणाली. मग जरा थांबून, "त्या होडीत मध्ये एक बैठक आहे ना रे?"

"आहे ना. जाळी ठेवतो तिथे."

शुक्रवारी संध्याकाळी गाडी अंगणात आली. डेल्मस आतच बसून राहिला, काचेतून हात हलवला. रेफर्डने डबा घेतला, तिच्या गालाला गाल लावला. "केळी नाहीत ना?"

"नाहीत."

गाडी गेली. दोघांना एक कर, एवढंच ती इतकी वर्षं मागत आली होती, आणि देवाने ते अक्षरशः दिलं. आपण प्रार्थनेतही अर्धंच सांगितलं होतं, तिच्या लक्षात आलं. तिने त्याला बोल लावला नाही. ताटात एक पाव उरला होता, करपलेला. मोरीपाशी उभ्या उभ्या तिने तो खाल्ला, आणि ताट धुतलं.