गंगव्वाची लंगडी

कबनूरमध्ये दिवसरात्र यंत्रमागांचा खडखडाट. त्या गल्लीत बोलणं म्हणजे ओरडणंच. पण उन्हाळ्यात संध्याकाळी वीज गेली, की सगळे माग एकदम थांबायचे आणि अशी शांतता पसरायची, की दानेश्वरीला स्वतःचा श्वास ऐकू यायचा. साल सत्त्याण्णव, ती तेव्हा नऊ वर्षांची. वीज गेली की पोरं बाहेर. शेजारचा शिवप्रसाद विटेच्या तुकड्यानं रस्त्यावर भलामोठा चौकोन आखायचा आणि दिसेनासं होईपर्यंत लंगडी चालायची.

चौकोनाला लागूनच गंगव्वाचं दार. पन्नाशी ओलांडलेली बाई. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दिवसभर मागांसाठी सुताच्या कांड्या भरायची. केसांत कायम कापसाची बारीक फुलं अडकलेली. बोलणं कमी, नजर कडक. तिच्या दारात चेंडू गेला तर मागायला कुणी धजायचं नाही.

मे महिन्यातल्या एका संध्याकाळी ती पायरीवरून उठली, काष्टा घट्ट ओढला आणि चौकोनाच्या कडेला येऊन उभी राहिली. पोरांना वाटलं, झालं, आता शिव्या बसणार.

"मला बी घ्या की रं," गंगव्वा म्हणाली.

शिवप्रसाद चाचरत म्हणाला, "आज्जी, पडशीला की!"

"पडू दे. राज्य कुणावर हाय?"

"माझ्यावर," दानेश्वरी पुटपुटली.

"मग आण हिकडं. मी घेतो."

तिनं उजवा पाय उचलला. पहिल्याच उडीला तोल गेला, भिंतीला हात टेकला. कुणीतरी फिसकन हसलं. दुसरी उडी नीट पडली. तिसरीला ती पोरांच्या मधोमध होती, आणि मग हसणारं कुणी उरलंच नाही. ऋतुराज सदऱ्याला धरून बाद. शिवप्रसाद गल्लीत सगळ्यांत चपळ. त्यानं हूल दिली, तशी ती चवड्यावर गर्रकन फिरली आणि त्याच्या पाठीत थाप बसली. लुगडं फडफडत होतं, धूळ उडत होती, पण दुसरा पाय जमिनीला लागत नव्हता. दानेश्वरी पळायचं विसरून बघतच राहिली. कांड्या भरणारी ती वाकलेली बाई कुठं गेली होती?

तेवढ्यात गंगव्वाचा मुलगा शिवशरण कारखान्यातनं घरी आला.

"अव्वा! काय चालवलंयस हे? लोकं बघाय लागल्यात!"

गंगव्वा एका पायावरच वळली, लंगडी घालत त्याच्यापर्यंत गेली आणि छातीवर हात टेकवून म्हणाली, "औट!"

पायऱ्यांवर बसलेल्या बायका खदखदून हसल्या. शिवशरण लाजून लालबुंद झाला. दम लागून गंगव्वा तिथंच रस्त्यात बसली. तीही हसत होती. तिचे दात पोरांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितले.

"आज्जी, कुठं शिकलीस?" दानेश्वरीनं विचारलं.

"माहेरात. निपाणीच्या पलीकडं." तिनं लुगड्यावरची धूळ झटकली. "अशीच लंगडी चाललेली. माझ्यावरच राज्य हुतं. मामा आला आन् उचलून घरात घेऊन गेला. हळद लावायची हुती म्हणं. अकरा वर्साची हुतो मी. पोरी बाहेर वाट बघत बसल्या."

शिवशरणलाही हे ठाऊक नव्हतं. तो आत गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला.

त्या उन्हाळ्यात वीज गेली की पोरं आधी गंगव्वाचं दार वाजवायची. पुढं गल्लीतलीच बयाबाई आली, मग तानाबाई. आधी नुसत्या कडेला उभ्या राहिल्या, मग पदर खोचून आत. कुणाच्या नवऱ्यानं कुरकुर केलीच, तर शिवशरणच म्हणायचा, "खेळू दे की. तुमचं काय जातंय?"

दहा-अकरा वर्षांनी दानेश्वरी कोल्हापुरात नोकरीला लागली. सुट्टीला आली, तर गल्लीभर मोटारसायकली लावलेल्या, पोरं टीव्हीपुढं. गंगव्वा पायरीवर बसलेली, गुडघे सुजलेले. दानेश्वरी शेजारी टेकली आणि त्या संध्याकाळचं सगळं सांगू लागली. ती उडी, ती गिरकी. सांगताना अजून तिच्या अंगावर काटा येत होता.

गंगव्वानं ऐकून घेतलं.

"खेळलो की," ती म्हणाली. "त्यात काय एवढं? तू जेवलीस का न्हाय?"