खांबावरची माकडं आणि संगणकातला पाहुणा

कार्ल्यात इंटरनेट बंद पडलं की दोष माकडांचा, असा नियम आहे. ती केबलला लोंबकळतात हे खरं. त्यामुळे दुसरं कारण शोधायची गरज कुणाला वाटत नाही. त्या दिवशी मलाही वाटली नाही.

शेजारच्या मावशींच्या मुलीला नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा होता. मुदत त्याच संध्याकाळी पाचपर्यंत. फोनवरून कागदपत्रं चढत नव्हती, म्हणून दोघी तीन वाजता माझ्या संगणकाशी आल्या. कोणतंही संकेतस्थळ उघडलं की लॉटरी लागल्याबद्दल अभिनंदन करणारं पान येई. मी केबलवाल्याला बोलावलं. तो चारला आला आणि खांबावर चढला.

"वायर शाबूत हाय!" तो वरून ओरडला.

"नीट बघ की रं. सकाळीच दोन बसलेली व्हती तितं," मावशी म्हणाल्या.

"बसली म्हंजे खाल्ली व्हय, मावशी?"

तोवर मुलीने संगणकाला स्वतःच्या फोनचं इंटरनेट जोडलं. पुन्हा अभिनंदन. फोनवर मात्र तेच संकेतस्थळ नीट उघडत होतं.

"काका, माझ्या फोनमध्ये माकडं नाहीत. बिघाड तुमच्या संगणकात आहे."

संगणकात तिला व्हायरसपासून वाचवण्याचा दावा करणारा एक मोफत 'संरक्षक' प्रोग्राम सापडला. तो मीच आठवड्यापूर्वी उतरवून घेतला होता. घरचा संगणक कसा जपावा यावर वृत्तपत्रासाठी लेख लिहीत असताना 'तुमच्या संगणकात व्हायरस आहे' अशी चौकट आली आणि मी ती दाबली. लेखातला दुसरा मुद्दा होता : अननुभवी वापरकर्ते अशा चौकटींना फसतात.

या पाहुण्याने इंटरनेटच्या सेटिंग बदलून मला भलत्याच पानांवर पाठवायला सुरुवात केली होती. मुलीने त्याला काढलं, सेटिंग पूर्ववत केल्या. प्रवेशाचं पान उघडलं तेव्हा चार वीस झाले होते.

"भर आता पटकन," मावशी म्हणाल्या.

"पूर्ण तपासणी झाल्याशिवाय मी यात पासवर्ड टाकणार नाही."

तपासणी वीस मिनिटं चालली. मुलगी पडद्याकडे पाहत होती, आई घड्याळाकडे. मी कुणाकडेच पाहत नव्हतो. पाचला सहा मिनिटं असताना अर्जाची पोच आली.

मावशींनी खिडकीतून खांबाखाली चहा पीत बसलेल्या केबलवाल्याला सांगितलं, "जा रं आता. माकडांचं काय न्हाई, ह्या भाऊंनीच केलतं."

लेख मी त्याच संध्याकाळी पाठवला. दुसरा मुद्दा ठेवला. फक्त 'अननुभवी' हा शब्द खोडला.