शांताच्या डबीतल्या गोळ्या

हे आजवर कोणापाशी बोललो नाही. पोरीपाशीही नाही — ती तर सांगत फिरते, बाबानं आईचं लय केलं. तुमी मले वळखत नाही, म्हणून तुमाले सांगतो.

शांता, माही बायको. तिच्या रक्तात कॅन्सर निघाला. अकोल्याच्या डॉक्टरनं कागदावर काढून दाखवलं होतं. पेशीतल्या प्रथिनांले फॉस्फेट चिकटलं — खतात असते तेच — की ती प्रथिनं जोडीनं जनुकाच्या दाराशी जमतात, अन् जनुक कामाले लागते. शांताचं एक प्रथिन बिघडलं होतं. ते फॉस्फेट चिकटवतच सुटलं, म्हणून रक्ताच्या पेशी नुसत्या वाढून राह्यल्या. रोजची गोळी त्याले दाबून धरते. डॉक्टर म्हणे, "काका, आजार मेला नाही, दाबलेला आहे. गोळी सोडायची नाही."

मी चौथी शिकलेला. पण समजलं नाही, असं कोणत्या तोंडानं म्हणू?

गोळ्या मीच आणत होतो. रिसोडहून एसटी, मंग दिवसभर लाइन. शांता टवटवीत झाली, इळा घेऊन सोयाबीन सोंगाले लागली. मले वाटलं — वाटलं कायचं, मी वाटून घेतलं — अळी गेली, आता फवारणीचा पंप धुऊन ठेवा. त्या सोंगणीत मी अकोल्याले गेलोच नाही. रिसोडातूनच ताकदीच्या गोळ्या आणल्या अन् तिच्या डबीत भरल्या. रंग जवळपास तोच. तिले वाचता येत नव्हतं. पुढच्या महिन्यातही तेच केलं. त्याच्या पुढंही. काहीच झालं नाही — तेच वाईट झालं.

मंग तिच्या डाव्या बरगडीखाली पोट चढलं. टणक लागते, ती म्हणे. मी म्हटलं, पोटात वारा धरला असन. हात लावून पाहाची हिंमत नव्हती.

शेवटी अकोल्याले नेलं, तवा डॉक्टरनं रिपोर्ट पाहून इचारलं, मधल्या दिवसांत गोळी बंद होती काय? खरं सांगा, त्याच्यावरच पुढचं औषध ठरते. शांताच बोलली.

"बंद कायची, सायेब? हे सोता हातावर ठेवतात. मी गोळी घेतल्याबिगर हे जेवत नाहीत."

डॉक्टरनं माह्याकडं पाह्यलं. मी होकाराची मान हालवली.

गोळी लागू पडत नाही, असं त्यानं लिहिलं अन् दुसरं कडक औषध सुरू केलं. उलट्यांनी ती पिंजून निघाली. एक दिवस मलेच समजावू लागली, "माहंच रक्त खराब हाय. तुमी कायले रडता?"

ती तसंच समजून देवाघरी गेली. मी समजू देलं.