पट्ट्याला मारलेला हात

घाटंजीच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रहमत मिस्त्रीचा शब्द चालायचा. कान लावून मोटरचं दुखणं सांगणारा माणूस! पण एकसष्ट साली एका सकाळी लोखंड कातायचा, मोटरच्या पट्ट्यावर चालणारा लेथ अचानक उलटा फिरला आणि रहमतच्या जिवावर बेतलं.

लेथचा चक, म्हणजे काम पकडून फिरणारा जाडजूड लोखंडी जबडा, आट्यांवर बसवलेला. उलट फिरताच तो सुटला आणि समोरच्या भावसिंगचा खांदा फोडून भिंतीवर आदळला. रक्ताने खाली सांडलेला कापूस लाल झाला. काही लोक भावसिंगला घेऊन दवाखान्याकडे धावले. त्याचा थोरला भाऊ नेमसिंग मात्र मागे थांबला. त्याने रहमतचं मुंडकं धरून ऐरणीवर आपटलं. नाक फुटलं, दात पडला.

"काल मोटर तूच खोलली होती ना बे? उलट्या तारा जोडल्या! माह्या भावाचा हात गेला, आता तुहा घेतो!" त्याने घण उचलला.

"घे. पन तारा सुलट्या निंघाल्या तं?" रहमत रक्त थुंकला.

"तं माहा घेजो!"

रहमतने धडपडत स्विचचा डबा उघडला. तारा सुलट्याच होत्या. तीन फ्यूजांपैकी एक जळाला होता. तीन तारांतली एक मेली की मोटर जागची हलत नाही, नुसती घूं घूं करत गुंगते. मग पट्ट्याला हात मारून तिला पळवायची, ही जिनातली जुनी खोड. रहमतने मोटर चालू केली, पट्टा खाली ओढला. सुलट फिरली. बंद करून पुन्हा चालू केली, पट्टा वर ओढला. उलट!

"जिकडं ढकलान तिकडं पयते. सकाळी पट्टा कोनं ओढला?"

मागे उरलेले सगळे नेमसिंगकडे पाहू लागले. रोजच्या जागी भाऊ उभा होता, म्हणून तो पलीकडे गेला होता आणि तिथून त्याने पट्टा आपल्याकडे, म्हणजे रोजच्या उलट दिशेला, खेचला होता.

नेमसिंगचा चेहरा राखेसारखा झाला. उजवा हात त्याने ऐरणीवर ठेवला, डाव्याने घण उगारला. रहमत झेपावला आणि त्याने आपला हात मध्ये घातला. घण त्याच्या दोन बोटांवर पडला, हाडं कडकडली.

"हरामखोरा!" रहमत किंचाळला. "भावाले भाकर कोन चारन? थो हात आता त्याचा हाय!"

पुढे कुणी गुंगत्या मोटरीच्या पट्ट्याकडे हात नेला, की रहमत उरलेल्या आठ बोटांनी त्याचं थोबाड रंगवायचा. पहिली थप्पड त्याच सकाळी नेमसिंगने खाल्ली, मान खाली घालून.