मेस्तांचा तळवा

गाडी गॅरेजच्या दारात आली की आमच्या पेडण्याचे मेस्त ड्रायव्हरला काही विचारत नसत. आधी बॉनेटवर उजवा तळवा ठेवत, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आपण अमुक झालंय, तमुक झालंय सांगायला लागलो की म्हणत, "उगी रावात. तिका सांगूं दियात." आम्ही शिकलेसवरलेले लोक हसायचो. त्यांचं निदान खरं ठरलं की ते हसू मुकाट्याने गिळायचो.

दुसरी खोड पेपरची. गाडीखाली जुना पेपर पसरून ते उकिडवे बसत आणि पडणारे थेंब बघत राहत. "मेस्त पेपर वाचतायत," असं लोक चिडवायचे. अक्षरओळख जेमतेमच होती, पण गळती कुठल्या पाइपाची, हे त्यांनी चुकीचं वाचलेलं मला आठवत नाही. "उदक खंय गेलां तें उदकच सांगता," असं म्हणायचे.

बायकोला कळा सुरू झाल्या त्या दुपारी मी माझी जुनी गाडी म्हापशाच्या इस्पितळाच्या वाटेला लावली. पहिलीच खेप, आणि माझा जीव तर मुठीत. चढणीवर बॉनेटमधून वाफ उसळली. मागच्या मागे उतारावर सोडत गाडी कशीबशी पायथ्याशी, मेस्तांच्या गॅरेजपाशी आणली. बायकोला त्यांच्या घरच्यांनी आत सावलीत नेलं. मी बादली उचलून रेडिएटरचं झाकण उघडायला धावलो, तोच मेस्तांनी माझं मनगट धरलं.

"मास्तर, हात लावू नाकात. ताप उतरूं दियात."

"अहो, ती तिकडे कळवळतेय!" मी ओरडलो.

"म्हणूनच. तुमचो हात भाजलो जाल्यार गाडी कोण व्हरतलो?"

ते बॉनेटवर तळवा ठेवून उभे राहिले. आतून बायकोचा आवाज येत होता आणि हा माणूस हलत नव्हता. मला त्यांचा भयंकर राग आला. मग एकदम हात उचलून ते कामाला लागले. रेडिएटरचा पाइप तोंडाशी, पट्टीखाली चिरला होता. चिरलेला दोन बोटं तुकडा त्यांनी सुरीने कापून टाकला, उरलेला पाइप ओढून बसवला, पट्टी आवळली, पाणी भरलं. झाकण मात्र अर्धवट सैल ठेवलं. "वाफेक वाट दवरल्या. आतां पायपार जोर येवचो ना. सवकास वचात." वाफेला वाट दिली की दाब चढत नाही, हा धडा मी वर्षानुवर्षं फळ्यावर शिकवत होतो. तो मला त्या दिवशी कळला.

लेक सुखरूप झाली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मेस्त पेपरात गुंडाळलेला नवा पाइप घेऊन बसने म्हापशाला हजर! "कापलेल्या पायपार भुरगें व्हरपाचें न्हय," लेकीकडे बघत म्हणाले आणि इस्पितळाच्या आवारातच तो बदलला. मग तीनदा साबण लावून हात धुतले आणि तळवा अलगद लेकीच्या कपाळावर ठेवला. "थंड आसा. व्हरात घरा." मग आम्ही लेकीला घरी नेलं.

इतकं मोठं काही मी आयुष्यात फार पाहिलेलं नाही.

गेल्या वर्षी मेस्त गेले. लेक आता स्वतः गाडी चालवते. तीच मला अंत्यदर्शनाला घेऊन गेली. उचलायच्या आधी तिने वाकून त्यांच्या कपाळावर तळवा ठेवला. खांदेकरी थांबले होते. मेस्तांचे ते इस्पितळातले शब्द माझ्या ओठांवर आले, पण मला म्हणवेनात.